दर्याला सातबारा नसतो: कोकण, गोवा आणि कारवारची हिरवी अर्थव्यवस्था म्हणजे नक्की काय

तेरेखोल नदीवर केरीच्या फेरीबोटीत उभं राहिलं की समोर तेरेखोलचा किल्ला दिसतो. नदीच्या उत्तरेला आहे म्हणून नवीन माणसाला वाटतं की हा महाराष्ट्र, पण नाही, किल्ला गोव्याचा, आणि किल्ल्याच्या पाठीमागे थोडं पुढे गेलं की रेडी लागतं, म्हणजे सिंधुदुर्ग. आमच्याकडचे एक काका आयुष्यभर याच पाण्यात होडी घालत आले, त्यांना मी एकदा विचारलं होतं की काका, आपली हद्द नक्की कुठे संपते. ते जाळं विणता विणता म्हणाले, "अरे, मासो काय सातबारो बघून पवता?" आज जे लिहितोय ते सगळं या एका वाक्याभोवती आहे.

सध्या ग्रीन इकॉनॉमी, ब्लू इकॉनॉमी हे शब्द खूप कानावर पडतात आणि बऱ्याच जणांना वाटतं की हे म्हणजे सोलर पॅनल बसवायचे, झाडं लावायची, प्लास्टिक उचलायचं. ते सगळं चांगलंच आहे पण त्याला अर्थव्यवस्था म्हणत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ मध्ये यावर एक जाडजूड रिपोर्ट काढला, त्यातली मोठमोठी वाक्यं बाजूला ठेवली तर मुद्दा सोपा आहे. समुद्र, खाडी, जंगल, माती ही मुद्दल आहे. मुद्दलाला हात न लावता व्याजावर घर चालवायचं, आणि जो माणूस ही मुद्दल सांभाळतो त्याच्या हातात त्याचा पैसा पडला पाहिजे. पहिला भाग सगळ्यांना पटतो, दुसरा भाग भाषणात राहून जातो. पण दुसरा भाग नसेल तर पहिला टिकतच नाही, कारण उपाशी माणसाला मुद्दल सांभाळ म्हणून सांगणं सोपं असतं, त्याला ते करणं परवडत नसतं.

आता यात शेजारी कुठून आले?

कोकणातल्या माणसाला हे सामाईक फणसावरून लगेच कळेल. चार भावांमध्ये एक फणस सामाईक. फणस पिकायच्या आधीच एक जण कोवळा काढून भाजीला नेतो, कारण त्याला माहीत असतं की आपण थांबलो तर दुसरा नेणार. दुसराही तेच करतो. पिकलेला गरा कोणालाच मिळत नाही. यात कोणी वाईट नाही हो, प्रत्येक जण आपल्या जागी बरोबरच आहे, फक्त थांबण्याचा नियम चौघांनी मिळून केलेला नाही. एकट्याने थांबणं म्हणजे नुकसान आणि सगळ्यांनी थांबणं म्हणजे फायदा. मालवण, पणजी, कारवार यांच्या मधल्या समुद्राची गोष्ट एवढीच आहे, फणस मोठा आहे आणि भाऊ तीन राज्यांत राहतात.

यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे रापण. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून लांबच लांब जाळं अर्धगोल सोडत नेतात, दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणतात, आणि मग पन्नास-शंभर माणसं दोन्ही बाजूंनी तालात ओढतात. जाळ्याचे तुकडे वेगवेगळ्या घरांचे असतात, मिळालेल्या माशांचे वाटे पडतात, ज्याचं जाळं त्याला वाटा, ज्याने ओढलं त्याला वाटा. मालवणात रापण, गोव्यात रांपण, कर्नाटकात रंपणी. नाव थोडं थोडं बदलतं, रीत एकच. म्हणजे राज्यं व्हायच्या कितीतरी आधीपासून हा सगळा किनारा एकाच पद्धतीने कमवत होता आणि वाटून खात होता. शिवाय रापण किनाऱ्याला बांधलेली आहे, मासा किनाऱ्याजवळ आला तरच मिळणार, त्यामुळे उपसा आपोआप मर्यादेत राहायचा.

मग १९७५-७६ च्या सुमाराला कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळी आली. बांगडा आणि तारली थव्याने फिरतात, पर्ससीनवाला खोल पाण्यातच अख्ख्या थव्याला गोल वेढा घालतो आणि खालून दोरी ओढून बटव्यासारखं तोंड बंद करतो. थवा किनाऱ्याजवळ पोचतच नाही. काही वर्षांत तिकडची रंपणी जवळपास संपली. गोव्यात त्याच दशकात ट्रॉलरविरुद्ध, म्हणजे समुद्रात जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटींविरुद्ध, रांपणकारांनी मोठं आंदोलन केलं, मातानी साल्ढाणा त्यात पुढे होते, आणि त्यातून १९८० मध्ये गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. महाराष्ट्राचा १९८१ चा, कर्नाटकाचा १९८६ चा. बघा, एकच समुद्र, एकच बांगडा, आणि तीन कायदे तीन वेगळ्या वर्षांत. महाराष्ट्राने पर्ससीनवर कडक बंधनं आणली ती थेट फेब्रुवारी २०१६ मध्ये, तोपर्यंत आमच्याकडच्या पारंपरिक मच्छीमारांनी किती मोर्चे काढले त्याची गणतीच नाही. आणि बंधनं आल्यावरही तक्रार काय, तर आमच्या हद्दीत बाहेरचे हायस्पीड ट्रॉलर येऊन धुऊन नेतात. मालवणात आजही जेटीवर कोणालाही विचारा, पहिल्या दोन मिनिटांत हा विषय निघतो.

यामागे राज्यघटनेतली एक विभागणी आहे, ती समजून घेतली की अर्धा गोंधळ सुटतो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत. त्याच्या पुढे २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण ३७० किलोमीटर, केंद्राच्या अखत्यारीत. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने त्याच्या हद्दीत एलईडी लाईट लावून मासेमारी आणि बुल ट्रॉलिंग (दोन बोटींनी मिळून एक जाळं ओढणं) या दोन्हींवर बंदी घातली. एलईडी म्हणजे बोटीवर जनरेटर ठेवून पाण्यावर प्रचंड उजेड पाडायचा, मासा उजेडाकडे येतो, लहानमोठा सगळा, आणि मग एकदम उचलायचा. पण बारा मैलांची रेघ पाण्यावर काढलेली नसते. बोट पकडली तर ती कोणाच्या पाण्यात होती यावर वाद, कुठल्या राज्याच्या लायसन्सची यावर वाद, गस्तीनौका आमची का तुमची यावर वाद, आणि तोपर्यंत मासळी लिलावात विकून झालेली असते.

पण एक गोष्ट या किनाऱ्याने एकत्र करून दाखवलीय, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. पावसाळी बंदी. जून-जुलैमध्ये बऱ्याच माशांचा प्रजननाचा काळ असतो, समुद्रही खवळलेला असतो, म्हणून मासेमारी बंद ठेवायची हे सगळ्यांना मान्य होतं, पण तारखा प्रत्येकाच्या वेगळ्या होत्या. महाराष्ट्राची बंदी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यातलं जे आधी येईल तोपर्यंत, गोव्याची १५ जून ते ३१ जुलै, इतरांची आणखी वेगळी. मग व्हायचं काय, ज्याची बंदी आधी उठली त्याच्या बोटी शेजारच्या पाण्याकडे सरकायच्या आणि नारळी पौर्णिमेची वाट बघत नारळ घेऊन बसलेला आमचा माणूस किनाऱ्यावरून नुसता दिवे मोजायचा. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर केंद्राच्या हद्दीसाठी एकच तारीख झाली, १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक यांनी आपापल्या पाण्यातही तीच लावली. यात सगळे खूश आहेत असं नाही, १ ऑगस्टला समुद्र शांत नसतो, लहान होडीवाला बाहेर पडू शकत नाही आणि मोठा ट्रॉलर पडतो, ही तक्रार खरी आहे. पण तारीख एक झाल्यामुळे "मी थांबलो आणि त्याने नेलं" हा भांडणाचा मोठा मुद्दा तरी संपला.

आता माशांवरून जमिनीकडे येऊ, कारण हिरवी अर्थव्यवस्था म्हटल्यावर मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडते ती मानस.

गोव्यात मांडवी-झुआरीच्या काठाने फिरलात तर नदी आणि भातशेती यांच्या मध्ये मातीचे बांध दिसतील. आतली जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली. ह्या खाजन जमिनी, गोव्यात साधारण १८,००० हेक्टर असतील असं धरतात. बांधात एक चिऱ्याचं बांधकाम असतं, त्यात लाकडी दारं, ती मानस. एकदा मी ओहोटीच्या वेळेला मानशीवर बसून राहिलो होतो. आतलं पाणी उंच, नदीचं खाली गेलेलं, दार आतल्या पाण्याच्या दाबाने बाहेरच्या बाजूला ढकललं गेलं होतं आणि पाणी खळाळत नदीत जात होतं. मग हळूहळू नदी चढायला लागली, थोडा वेळ पाणी अगदी थांबल्यासारखं झालं, दार जरासं डुगडुगलं, लाकूड लाकडाला लागल्याचा बद्द असा आवाज झाला आणि दार बंद. कोणी हात लावला नाही, मोटर नाही, वीज नाही, सेन्सर नाही. नदीनेच स्वतःला बाहेर ठेवलं. दाराच्या फटीतून थोडं पाणी झिरपत राहतं, तेवढं चालतं.

आणि कमाई कशी, तर पावसाळ्यात पावसाच्या पाण्याने खार धुऊन जातो आणि खाऱ्या मातीत तग धरणारं कोरगुट भात येतं. भात निघालं की मानशीतून खारं पाणी आत घ्यायचं, त्याबरोबर कोळंबीची पिल्लं येतात, आत चरतात, मोठी होतात, आणि ओहोटीला मानशीच्या तोंडावर जाळं लावलं की बाहेर जाताना सापडतात. मानशीवर मासे धरायचा हक्क लिलावाने द्यायचे आणि त्या पैशातून गाव बांधाची डागडुजी करायचं. एकाच जमिनीतून भात, मासे, पुरापासून संरक्षण आणि देखभालीचा फंड, चारही. एखाद्या कन्सल्टन्सीने आज असं मॉडेल कागदावर आणलं तर लोक टाळ्या वाजवतील, आपल्याकडे ते शेकडो वर्षं चालू होतं.

हेच खाली कर्नाटकात अघनाशिनी नदीच्या मुखाशी, कुमठ्याजवळ. तिथे या जमिनींना गजनी म्हणतात आणि भात कग्गा. उंच वाढणारं, पाण्यात उभं राहणारं, खत-औषध न मागणारं. अघनाशिनीवर धरण नाही, नदी मोकळी समुद्राला मिळते, आणि तिच्या खाडीत तिसऱ्या-शिवल्या वेचून हजारो घरं चालतात. जानेवारी २०२४ मध्ये या खाडीला रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून दर्जा मिळाला. आणि वर आपल्या रायगड-रत्नागिरीत हीच खारभूमी, पेण-अलिबागकडचे जुने शिलोत्री बांध. १९७९ चा आपला स्वतंत्र खारभूमी विकास कायदा आहे, पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या खार सोसणाऱ्या भाताच्या जाती काढल्या. खाजन, गजनी, खार. तीन राज्यं, तीन शब्द, एकच कला. आणि मला याचं खरंच वाईट वाटतं की पनवेलचं बियाणं, कुमठ्याची कग्गा पिकवायची रीत आणि गोव्याची मानस बांधणारे हात यांची एकमेकांशी गाठ पडायला आज कुठलीही पक्की जागा नाही. समुद्राची पातळी वाढणार हे आता कोणी नाकारत नाही, मग भरतीच्या खालच्या जमिनीवर राहून कमवायचं ज्ञान ज्यांच्याकडे आहे त्यांनी निदान वर्षातून एकदा तरी एकत्र बसायला नको का?

या सगळ्याची काळी बाजूही सांगतो नाहीतर चित्र अर्धवट राहील. गोव्यात कूळकायद्यानंतर बांधांची जबाबदारी गावकीकडून कुळांच्या संघटनांकडे गेली, भातापेक्षा कोळंबीत पैसा जास्त दिसायला लागला, मग काही ठिकाणी खारं पाणी मुद्दाम वर्षभर आत ठेवायला लागले, बांध फुटले, शेती गेली. रायगडमध्ये वेगळाच पेच. बांध फुटला, दुरुस्ती वेळेवर झाली नाही, शेतात खारं पाणी शिरलं, दहा-पंधरा वर्षांत तिथे कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल उगवलं, आणि कांदळवन म्हटलं की ते तोडता येत नाही, हायकोर्टाचे २००५ चे आणि २०१८ चे आदेश आहेत. शेतकरी विचारतो की माझ्या बापाचं शेत होतं, बांध सरकारने दुरुस्त केला नाही, आता त्यावर जंगल म्हणून शिक्का, मी काय खाऊ? मी कांदळवनाच्या बाजूचा माणूस आहे, पण या शेतकऱ्याला उत्तर दिल्याशिवाय कांदळवन वाचवायचं म्हणणं मला प्रामाणिक वाटत नाही. मुद्दल सांभाळणाऱ्याला पैसा मिळाला पाहिजे म्हटलं ना वर, ते इथे लागू होतं.

कांदळवनातून पैसा येतो का, तर येतो, पण कुठून आणि किती ते नीट बघायला हवं. २०२१ च्या वनसर्वेक्षणात महाराष्ट्रात ३२४ चौरस किलोमीटर कांदळवन होतं, गोव्यात २७, कर्नाटकात १३. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात, झाडं ओळखायला शिकवतात, त्यासाठी त्या स्वतः शिकल्या. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने जो किनारी जैवविविधता प्रकल्प झाला त्यातून हे उभं राहिलं, खेकडापालन आणि कालवंपालनही त्यातूनच पसरलं. खेकड्याचं ऐकायला सोपं वाटतं, खाडीत जाळीचं कुंपण घाला, पिल्लं सोडा, मोठी झाली की विका. पण कुर्ल्या, म्हणजे खेकडे, एकमेकांना खातात, कात टाकलेली मऊ कुर्ली तर पहिली जाते, आणि पिल्लं आणायची तर तमिळनाडूच्या हॅचरीतून, म्हणजे पिल्लं तयार करायच्या केंद्रातून. म्हणजे सिंधुदुर्गातल्या बाईचा धंदा एवढ्या लांबच्या प्रवासात पिल्लं किती जगली यावर अवलंबून. मग ह्या किनाऱ्याला, तिन्ही राज्यांना मिळून, आपली एक हॅचरी जवळ असावी असं नाही वाटत? एका जिल्ह्याला तेवढी मोठी हॅचरी परवडणं कठीण, तिघांना मिळून परवडेल.

कार्बन क्रेडिटबद्दल खूप विचारणा होते म्हणून थोडं तेही. कांदळवनाच्या चिखलात हवा जात नाही, म्हणून पडलेलं पान, मुळं पूर्ण कुजत नाहीत आणि त्यातला कार्बन शेकडो वर्षं तिथेच गाडलेला राहतो. एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्यापासून वाचवला किंवा हवेतून काढला की एक क्रेडिट, आणि ते क्रेडिट धूर सोडणारी कंपनी विकत घेते. इथे दोन अटी असतात आणि लोक तिथेच फसतात. पहिली, पैसे मिळाले नसते तर हे काम झालंच नसतं असं दाखवावं लागतं. जे कांदळवन कायद्याने आधीच सुरक्षित आहे त्यावर क्रेडिट मिळणं म्हणून कठीण जातं, उजाड झालेलं परत उभं केलं तर मिळण्याची शक्यता जास्त. दुसरी अट गळतीची. तुम्ही इथे तोड थांबवली आणि तीच तोड खाडीच्या पलीकडे सुरू झाली तर वाचलं काय? ते वजा होतं. आता तेरेखोलसारख्या नदीचा विचार करा, मुखाजवळचा भाग सोडला तर एक काठ एका राज्यात आणि दुसरा दुसऱ्या, इकडच्या काठाचा हिशोब तिकडच्या काठाशिवाय पुरा होऊच शकत नाही. रायगडमध्ये २०२१ पासून ॲपल कंपनीच्या पैशातून २,४०० हेक्टर कांदळवनाचं काम गावांशी करार करून सुरू झालं, तो जिल्हा दुसऱ्या राज्याच्या सीमेवर नाही म्हणून सोपं गेलं. सीमेवरच्या खाडीत असं करायचं तर दोन वनखाती, दोन महसूल खाती आणि दोन्हीकडची गावं एका टेबलावर लागतील. आणि कुठल्याही गावाने सही करण्याआधी एवढं विचारावं, क्रेडिट विकल्यावर आमच्या हातात किती आणि किती वर्षं. एजंट गोड बोलतात.

थोडं बोंडूंबद्दल, म्हणजे काजूच्या फळांबद्दल. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, त्याला आता दोन्हीकडे घर मिळालं. आमच्याकडे सिंधुदुर्गात बी काढून घेतली की बोंडू बहुतेक झाडाखाली सडतो, एप्रिल महिन्यात बागेत तो आंबूस वास भरून राहतो. गोव्यात मात्र त्याच बोंडूची हुर्राक आणि फेणी ही दारू होते, फेणीला २००९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणून दोडामार्ग-बांद्याकडची बोंडं टेम्पोत भरून गोव्यात जातात. एकाचा कचरा तो दुसऱ्याचा कच्चा माल, हिरवी अर्थव्यवस्था म्हणतात ती अशीच असते. पण बोंडू दिवसभरात खराब होतो, म्हणून अंतर आणि परवाना या दोन गोष्टी सगळं ठरवतात, आणि अबकारी कायदा दोन्हीकडे वेगळा असल्यामुळे मूल्यवर्धन तिकडे आणि बोंडू उचलायची मजुरी इकडे असं होतं. कोकमाचं, जांभळाचं सरबत जसं दोन्हीकडे गावोगावी होतं तसा बोंडूचा रस, सिरप, व्हिनेगर सीमेच्या अलीकडेही व्हायला हवा, त्याला दारूचा परवाना लागत नाही.

"हे सगळं तीन राज्यांनी मिळून कधी झालंय का?" असं विचारणाऱ्यांना मी कोकण रेल्वे दाखवतो. ७४१ किलोमीटर, रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत, आणि ती कंपनी कोणाची? सुरुवातीला केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. म्हणजे किनाऱ्यावरच्या राज्यांनी शेअर घेऊन एक कंपनी काढली, त्यातून १९९८ मध्ये सगळा मार्ग सुरू झाला. १९९९ पासून रो-रो सेवा आहे, म्हणजे भरलेला ट्रक सरळ रेल्वेच्या सपाट वॅगनवर चढवायचा, रायगडमधल्या कोलाडला चढला की गोव्यात वेर्ण्याला किंवा कर्नाटकात सुरतकलला उतरला, घाटातलं डिझेल वाचलं, ड्रायव्हरची रात्रीची झोप वाचली. २०२२ मध्ये सगळा मार्ग इलेक्ट्रिक झाला. त्या वेळी ही ग्रीन इकॉनॉमी आहे असं कोणी म्हणालं नव्हतं, पण मला विचाराल तर या किनाऱ्यावरचं सगळ्यात मोठं हिरवं काम हेच.

तिलारीचं उदाहरण मात्र मिश्र आहे. धरण दोडामार्गात, पाणी महाराष्ट्र आणि गोवा दोघांचं पण मोठा वाटा गोव्याचा, खर्चही त्याच हिशोबाने वाटलेला. पाणी वाटून घ्यायचा करार चालला, पण ज्यांची गावं बुडाली ते महाराष्ट्रातले, आणि त्यांचं आंदोलन वर्षानुवर्षं चाललं, कारण लाभाचा हिशोब जेवढा चोख लिहिला तेवढा नुकसानाचा लिहिला नव्हता. आणि म्हादईत, म्हणजे कर्नाटकातून येऊन गोव्यात मांडवी होणाऱ्या नदीत, तर करारच नाही, २०१० मध्ये लवाद, २०१८ मध्ये निवाडा, तरी कोर्टात. गोव्याच्या खाजन जमिनींना वरून गोडं पाणी कमी आलं तर मांडवीतला खारेपणा वर सरकेल ही तिथल्या लोकांची भीती आहे आणि ती मला रास्त वाटते, कारण मानस खाऱ्या पाण्याला अडवते, नदीत गोडं पाणी आणू शकत नाही.

मग सुरुवात कुठून? मोठी प्राधिकरणं, मोठे कॉरिडॉर यावर माझा फार विश्वास नाही. छोट्या आणि मोजता येणाऱ्या गोष्टी एकत्र व्हाव्यात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला, पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान धरायचा नाही, त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा केलं. केरळने असा नियम २०१५ मध्येच आणला होता. हाच आकडा कोकणापासून कारवारपर्यंतच्या प्रत्येक जेटीवर सारखा लागला तर लहान पापलेट एका बंदरात नाकारला म्हणून शेजारच्या बंदरात उतरवायची सोयच राहणार नाही. मोजपट्टी काही महाग नसते. तसंच बोटींच्या लायसन्सची यादी, ती तिन्हीकडे उघड आणि एकाच नमुन्यात असली तर गस्तीवरचा माणूस मोबाईलवर बघून सांगू शकेल ही बोट कुठली, कुठलं जाळं, कुठपर्यंत परवानगी.

नोंद ठेवण्याची ताकद काय असते ते गेल्या काही वर्षांत कासवांनी दाखवून दिलं. रत्नागिरीतल्या वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने घरटी वाचवायला सुरुवात केली, २००६ पासून कासव महोत्सव, आणि गावातल्या घरांना पाहुण्यांच्या जेवणा-राहण्याचे पैसे मिळायला लागले. मग २०२३ मध्ये गुहागरला बागेश्री नावाच्या कासविणीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग लावला, तर ती कर्नाटक, केरळ करत, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि जानेवारी २०२५ मध्ये उलटं झालं. गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायाला धातूची पट्टी होती, त्यावर नंबर ०३२३३. तो नंबर २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला निघाला. तिकडे रात्री कोणीतरी टॉर्चच्या उजेडात तो वहीत लिहून ठेवला होता, आणि इकडे गुहागरला रात्री कोणीतरी वाकून तो वाचला. मालवण, शापोरा आणि कारवारच्या जेटीवर मला अशीच एक वही हवी आहे, तिन्हीकडे सारख्या रकान्यांची. बोट कुठली, जाळं कुठलं, बांगडा किती, किती लांबीचा. रोज संध्याकाळी भरायची, आणि दुसऱ्या दोघांना दाखवायची.